दिवा गुन्हेगाराचं नाव सांगत नाही

(गॅरेज लाइनमध्ये काम करणाऱ्या आणि करू इच्छिणाऱ्या तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

संयोजकांनी मला विषय दिला तो असा : जुन्या डिझेल व्हॅनचा इंजिनचा दिवा पुन्हा पुन्हा लागत असेल, तर दोष कसा शोधायचा. मी साताऱ्यात गेली सव्वीस वर्षं डिझेल गाड्यांचं काम करतो. सुरुवातीची दहा वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये पाने धुतले, नंतर स्वतःचं शेड टाकलं. भाषण करायची सवय नाही. त्यामुळे कामाची भाषा आली तर सांभाळून घ्या.

विषय तांत्रिक आहे आणि मी तांत्रिकच बोलणार आहे. पण उदाहरण म्हणून जी गाडी घेणार आहे, तिच्या दिव्यामुळे एका तेवीस वर्षांच्या ड्रायव्हरची नोकरी गेली. ती जाण्यात माझा हात होता. मी त्याच्याविरुद्ध काही केलं नाही, फक्त एक वाक्य बोललो. ते वाक्य कसं चुकलं, हे सांगण्यासाठीच मी आज इथं आलोय असं समजा.

गाडी आणि तक्रार

गाडी म्हणजे माल वाहणारी व्हॅन. २०१७ सालची, बीएस-४, कॉमन रेल डिझेल इंजिन, जवळपास २ लाख ९० हजार किलोमीटर पळालेली. मालक बेकरीच्या सामानाचे व्यापारी. आम्ही सगळे त्यांना चाचाच म्हणतो. आठवड्यातून दोनदा गाडी रिकामी पुण्याला जायची आणि मैदा, डालडा, साखर भरून परत यायची. पुण्यातून निघताना डिझेल भरायचं, असा त्यांचा रिवाज. ड्रायव्हर आमच्याच मोहल्ल्यातला पोरगा, वर्षभरापासून गाडीवर होता.

ऑगस्टमध्ये माझ्या शेडमध्ये गाडीचं ऑइल आणि डिझेल फिल्टर बदलला. नंतर आठ-दहा दिवसांनी पुण्याहून येताना खंबाटकी घाटात इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि गाडीनं दम सोडला. पायाखाली अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, तरी गाडी बैलगाडीसारखी चढली. वर आल्यावर बंद करून चालू केली, तर ओढ परत आली, पण दिवा तसाच.

चाचा गाडी घेऊन आले. माझ्याकडच्या मुलानं स्कॅनर लावला, कोड वाचला, कोड पुसला, गाडी दिली. पुढच्या खेपेला पुन्हा घाट, पुन्हा दिवा. पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा चाचा वैतागून म्हणाले, "मिस्त्री, नेमकं आहे तरी काय?" मी दुसऱ्या गाडीखाली होतो. डोकंही बाहेर न काढता म्हणालो, "चाचा, डिझेल कुठं भरता? भेसळ असेल."

एवढंच. हेच ते वाक्य.

चाचांनी घरी जाऊन हिशेब मांडला. जाताना दिवा लागत नाही, येताना लागतो. डिझेल पुण्यात भरलं जातं. भरतो कोण? ड्रायव्हर. म्हणजे पोरगा डिझेल काढून विकतो आणि वरून रॉकेल ओततो. सगळं कसं चपखल बसलं! पोराला काढलं, अर्ध्या महिन्याचा पगार ठेवून घेतला. चहाच्या टपरीवर ही गोष्ट दोन दिवसांत सगळ्यांना माहीत झाली. वर "मिस्त्रीनंच सांगितलं" अशी पुस्ती जोडलेली.

नवा ड्रायव्हर आला. दोन आठवड्यांत दिवा परत लागला. आता तरी शंका यायला हवी होती. पण चाचा म्हणाले, "त्यानं आधीच पंप खराब करून ठेवला, आता दिवा लागणारच." माणसाचं एकदा मत झालं की पुरावा उलटा आला तरी तो त्याच मताला टेकू म्हणून लावतो. गाडीच्या बाबतीतही हेच होतं आणि माणसांच्या बाबतीतही.

दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना पंप आणि चारही नोझलचं काम सांगितलं, सत्तर हजारांचं. तेव्हा ते माझ्याकडे विचारायला आले. त्या दिवशी पहिल्यांदा मी हात धुतले, वही काढली आणि नीट बसलो. जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं, ते अडीच महिन्यांनी सुरू केलं.

दिवा नेमकं काय सांगतो

आधी दिव्यांचे रंग समजून घ्या. लाल दिवा, म्हणजे ऑइलच्या किटलीचा किंवा तापमानाचा, लागला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. तिथं दहा किलोमीटर अजून गेलो तर काय होतंय, असा विचार करायचा नाही. इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा वेगळा. तो सांगतो की इंजिनच्या कॉम्प्युटरला काहीतरी ठरलेल्या हद्दीबाहेर दिसलंय. गाडीनं ओढ सोडली नसेल, आवाज-धूर नेहमीसारखा असेल, तर हळू चालवत गॅरेजपर्यंत आणता येते. पण तो महिनोन् महिने तसाच ठेवायचा दिवा नाही.

चावी फिरवल्यावर, इंजिन चालू करण्याआधी, हा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. जुनी व्हॅन विकत घेताना हे बघा. चावी फिरवूनही दिवा लागत नसेल, तर कुणीतरी त्याचं तोंड बंद केलंय असा संशय घ्या.

आता कोड. कॉम्प्युटर जागोजागच्या सेन्सरकडून आकडे घेतो, ते हवे तसे आहेत का हे ताडून बघतो आणि नसतील तर एक कोड लिहून ठेवतो. आपल्या गाडीचा कोड होता पी ००८७. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा विभाग. पुढचं शून्य म्हणजे हा सगळ्या कंपन्यांना सामाईक असलेला कोड. अर्थ : रेलमधला डिझेलचा दाब हवा त्यापेक्षा कमी.

नीट ऐका. "दाब कमी" एवढंच. "पंप खराब" असं त्यात कुठंही नाही. "नोझल गळतात" असं नाही. "डिझेलमध्ये रॉकेल आहे" असं तर नाहीच नाही. शाळेचा हजेरीपट सांगतो की पोरगं गैरहजर आहे. ते आजारी आहे, गावाला गेलंय की ओढ्यावर मासे धरतंय, हे हजेरीपट सांगत नाही. ते बघायला घरी जावं लागतं.

दाब कमी होण्याची कारणं मोजा. टाकीतली जाळी तुंबली. फिल्टर तुंबला. डिझेलच्या पाइपमधून हवा आत ओढली जाते. पाइप कुठं पिचलाय. हाय प्रेशर पंप थकला. दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह अडकला. नोझलमधून डिझेल जास्त परत फिरतं. रेलचा सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो. दाब ठीक आहे, पण सेन्सरच खोटं बोलतो. वायर तुटलीय, प्लगमध्ये गंज आहे. अशी दहाएक कारणं झाली. यातलं सगळ्यात स्वस्त काही रुपयांचं आणि सगळ्यात महाग सत्तर हजारांचं. कुठून सुरुवात करायची, हे गिऱ्हाइकाच्या खिशाचा विचार करून ठरवा.

लिहा, मग पुसा

आमची पहिली चूक कोड पुसण्याची. कोड लिहिला जातो त्या क्षणी कॉम्प्युटर त्या वेळचे आकडेही साठवतो : इंजिनचे फेरे, वेग, पाण्याचं तापमान, इंजिनवरचा भार. याला फ्रीज फ्रेम म्हणतात. अपघाताच्या जागेचा फोटोच समजा. कोड पुसला की तोही पुसला जातो. आम्ही दोनदा कोड पुसून दोन्ही वेळा पुरावा नष्ट केला आणि वर गिऱ्हाइकाला म्हणालो, दिवा गेला.

खरं तर पुसायची घाईही नसते. दोष खरोखर गेला, तर बहुतेक गाड्यांमध्ये सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो. म्हणून नियम साधा : स्कॅनर लावला की आधी वहीत लिहा किंवा मोबाइलनं फोटो काढा. सगळे कोड, फ्रीज फ्रेमचे सगळे आकडे, तारीख, किलोमीटर.

तिसऱ्यांदा कोड पुसला नव्हता, म्हणून फ्रीज फ्रेम शिल्लक होती. त्यात होतं : वेग ३८ किलोमीटर, फेरे २,३००, पाण्याचं तापमान ८८ अंश, भार ९२ टक्के. म्हणजे गाडी गरम झालेली, तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण ताकद मागत चढण चढतेय.

आता खंबाटकीचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. साताऱ्याहून पुण्याला जाताना आपण बोगद्यातून जातो. पुण्याहून येताना तेव्हा घाट चढून यावं लागायचं. जाताना गाडी रिकामी, येताना टनभर माल. "येताना दिवा लागतो" यात चाचांना पुण्याचं डिझेल दिसलं. पण येताना डिझेलबरोबर आणखी दोन गोष्टी बदलत होत्या, चढण आणि वजन. तीन गोष्टी एकदम बदलत असतील आणि आपण त्यातली एकच उचलून तिला दोषी ठरवलं, तर तो शोध नाही, तो आपला आधीचा संशय आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदला

म्हणून आम्ही परीक्षा घेतली. टाकी जवळजवळ रिकामी केली. साताऱ्यातल्या पंपावर मी स्वतः उभं राहून डिझेल भरलं. भरण्याआधी तिथं घनता मोजायला लावली. हा आपला हक्क आहे हे लक्षात ठेवा. पंपावर हायड्रोमीटर असतो. टँकर आला तेव्हाच्या नोंदीशी आताचा आकडा ताडून दाखवा, असं गिऱ्हाईक सांगू शकतं. नुसता वास घेऊन किंवा रंग बघून भेसळ ओळखतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तो मीही होतो.

गाडीत टनभर मैदा तसाच ठेवला. आधी सपाट हायवेवर ताशी ६० नं चालवली. माझा मुलगा शेजारी स्कॅनर घेऊन बसला होता. स्कॅनरवर दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात : कॉम्प्युटर किती दाब मागतोय आणि प्रत्यक्ष किती मिळतोय. सपाट रस्त्यावर दोन्हींत वीस बारचा फरक, म्हणजे काहीच नाही. मग गाडी यवतेश्वरच्या घाटाला घातली. तिसऱ्या-चौथ्या वळणावर मागणी १,२०० बार आणि मिळकत ७४०. दिवा लागला.

डिझेल साताऱ्याचं, भरणारा मी, चालवणारा मी. पुणं नाही, पोरगा नाही. तरी दिवा लागला. त्या वळणावर गाडी बाजूला घेऊन मी थोडा वेळ गप्प बसलो. मुलानं विचारलं, "अब्बा, आता?" मी म्हणालो, "आता सगळं पहिल्यापासून."

पहिल्यापासून म्हणजे कसं

हा क्रम लिहून घ्या. स्वस्ताकडून महागाकडे जायचं आणि काहीही न खोलता जे कळतं ते आधी बघायचं.

पहिलं, बॅटरी आणि अर्थिंग. जुन्या गाडीत अर्धे भुताटकीचे कोड इथून येतात. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. सेल मारताना दहाच्या फार खाली गेली तर कॉम्प्युटर गोंधळतो. इंजिन ते चासी ही अर्थची पट्टी गंजलेली नाही ना, तेही बघा. आपल्या गाडीत हे सगळं ठीक होतं.

दुसरं, सेन्सर खरं बोलतो का. गाडी रात्रभर उभी राहिली की रेलमधला दाब निघून जातो. सकाळी इंजिन चालू न करता फक्त चावी फिरवा आणि स्कॅनरवर आकडा बघा. तो शून्याजवळ हवा. इंजिन बंद असताना शे-दीडशे बार दाखवत असेल, तर आधी सेन्सर आणि त्याची वायर बघा. आपला सेन्सर खरा निघाला.

तिसरं, कमी दाबाची बाजू, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंत. या गाडीत टाकीत मोटर नाही. पुढचा पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. म्हणजे तो सगळा पाइप दाबाखाली नसतो, ओढीखाली असतो. इथं नवे मुलं फसतात. दाबाच्या पाइपला भोक पडलं तर डिझेल बाहेर गळतं, दिसतं, वास येतो. ओढीच्या पाइपला बारीक फट पडली तर इंजिन चालू असताना बाहेर काहीच येत नाही, उलट हवा आत जाते. जमीन कोरडी, पाइप कोरडा आणि गाडी एअर घेते. फिल्टरच्या आधी आणि नंतर पारदर्शक पाइपचा एकेक तुकडा जोडा, इंजिन चालू करा आणि बघत बसा. ओढ मोजायचं व्हॅक्यूम गेज असेल तर तेही लावा. ओढ फार जास्त दिसली तर कुठंतरी तुंबलंय. बुडबुडे दिसले तर कुठंतरी हवा शिरतेय. दोन्ही नसेल तरच हाय प्रेशरच्या बाजूला जा.

चौथं, हाय प्रेशरची बाजू. इथं प्रत्येक नोझलमधून परत फिरणारं डिझेल वेगवेगळ्या बाटल्यांत जमा करून तुलना करतात. एकाची बाटली बाकीच्यांपेक्षा खूप लवकर भरली, तर तो नोझल संशयित. पंप उतरवणं सगळ्यात शेवटी.

इथं एक गोष्ट मोठ्यानं सांगतो. जुन्या डिझेल इंजिनावर आमच्या पिढीचे लोक इंजिन चालू ठेवून नोझलचा पाइप ढिला करायचे आणि कुठला सिलिंडर काम करत नाही ते बघायचे. कॉमन रेलवर हे कधीही करू नका. आत हजार बारपेक्षा जास्त दाब असतो. केसाएवढी धार हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदून आत जाते. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, पण आत डिझेल पसरतं आणि बोट, हातसुद्धा जाऊ शकतो. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठा आणि "दाबाचं डिझेल आत गेलंय" हे स्पष्ट सांगा. गळती शोधायला हात कधीच फिरवायचा नाही, पुठ्ठा फिरवायचा.

सापडलं काय

आम्ही तिसऱ्या पायरीवर होतो. फिल्टरच्या आधीच्या पारदर्शक तुकड्यात डिझेल स्वच्छ, सलग. फिल्टरनंतरच्या तुकड्यात मात्र बुडबुडे. इंजिन नुसतं चालू असताना तुरळक, फेरे वाढवले की दाट. टाकीकडून येताना हवा नाही, फिल्टरमधून बाहेर पडताना हवा आहे. म्हणजे हवा फिल्टरमध्येच शिरतेय.

फिल्टर खोलला. वरच्या झाकणाची रबरी रिंग एका बाजूला चिमटलेली आणि कडक झालेली. जुनीच रिंग. नव्या फिल्टरबरोबर नवी रिंग येते, ती बसवायची राहिली होती. फिल्टर बदलला होता माझ्या शेडमध्ये, माझ्या मुलानं, माझ्या देखरेखीखाली.

सपाट रस्त्यावर इंजिन डिझेल कमी मागतं, ओढ कमी असते, हवा थोडीच शिरते आणि गाडी सांभाळून घेते. घाटात वजन घेऊन चढताना डिझेल जास्त लागतं, ओढ वाढते, त्या फटीतून हवाही जास्त येते. हवा दाबली जाते, डिझेलसारखी ताठ राहत नाही. त्यामुळे पंप कितीही फिरला तरी दाब चढत नाही. कोड बरोबरच होता. चुकीचा होता तो आमचा अर्थ.

नवी रिंग बसवली, बसवताना बोटानं डिझेल चोळलं, हातपंपानं एअर काढली. त्याच वजनासह पुन्हा यवतेश्वर. मागणी १,२००, मिळकत १,१८०. दिवा लागला नाही. तरी मी चाचांना "झालं" म्हणालो नाही. पुण्याच्या तीन खेपा होऊ द्या म्हणालो. तीन खेपा झाल्या, दिवा लागला नाही. तेव्हा म्हणालो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तो पोरगा गाडीवर होता तेव्हा मला दोनदा म्हणाला होता, "मामू, फिल्टर बदलल्यापासून सकाळी सेल लांब मारावा लागतोय." रात्री त्या फटीतून हवा शिरायची, पाइपमधलं डिझेल टाकीकडे उतरायचं आणि सकाळी पंपाला ते पुन्हा ओढायला वेळ लागायचा. दोषाचं निदान त्यानं एका वाक्यात दिलं होतं : केव्हापासून आणि कधी. मी म्हणालो होतो, "तू गाडी चालव, मिस्त्रीगिरी मला करू दे." स्कॅनर पंधरा हजारांचा असेल नाहीतर लाखाचा, रोज गाडी चालवणाऱ्या माणसाच्या कानाइतकी माहिती त्यात नसते. म्हणून तपासाची शून्यावी पायरी : ड्रायव्हरला बसवा, चहा द्या आणि विचारा. केव्हापासून? गरम असताना की थंड? चढणीला की सपाटीला? त्याआधी गाडीला कुणी हात लावला होता? शेवटचा प्रश्न आपल्याच अंगावर आला तरी विचारा.

त्यानंतर

मी चाचांच्या दुकानात गेलो. रिंग खिशात होती, काउंटरवर ठेवली. म्हणालो, चूक माझ्या गॅरेजची आहे, डिझेल साफ होतं. चाचा बराच वेळ त्या रिंगकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण तू तर म्हणाला होतास..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ते पुरं करायची गरज नव्हती.

संध्याकाळी दोघंही त्याच्या घरी गेलो. चाचांनी ठेवून घेतलेला पगार दिला. त्याच्या अम्मीनं पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही. पोरानं मला एकच विचारलं, "टपरीवर सांगितलंत का?" मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, "मग तिथं सांगा. इथं सगळ्यांना आधीपासून माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर जाऊन मी सांगितलं. सोपं नव्हतं. काहीजण हसले. एकजण म्हणाला, "जाऊ दे मिस्त्री, रॉकेल नसेल टाकलं, पण डिझेल विकत असेलच." बघा, आरोप एकदा चिकटला की पुराव्यानंही पूर्ण निघत नाही. पोरगा चाचांच्या गाडीवर परत आला नाही. त्याला दुसरीकडे काम लागलं. माझ्याशी बोलतो, पण कमी.

मित्रमैत्रिणींनो, आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे की कुणी पुरावा न बघता आपल्याकडे बोट दाखवलं तर काय वाटतं. मग आपल्या हातात स्कॅनर, वही किंवा नुसतं "मिस्त्री म्हणाला" इतकं वजन आलं की आपणही तसंच बोट दाखवतो का, हे बघायला हवं. मी दाखवलं होतं.

जाता जाता

दोन मार्ग तुम्हाला बाजारात कुणीतरी दाखवेल. एक, दिव्याची वायर काढा. दुसरा, सॉफ्टवेअर बदलून कोड कायमचा बंद करा, ईजीआर बुजवा. गिऱ्हाईक खूश होतं, आपल्याला दोन पैसे मिळतात. पण दोष आत तसाच राहतो आणि धूर बाहेर. तो धूर आपल्याच गल्लीत, शाळेच्या दारात, दम्याच्या माणसाच्या खिडकीत जातो. शिवाय कंपनीनं मंजूर करून घेतलेल्या रचनेत असा फेरफार करणं कायद्यातही बसत नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये तर धूर गाळणारी आणखी यंत्रणा आहे. तिथं हा मोह आणखी होईल. तेव्हा आजच ठरवून ठेवा.

मी माझ्या शेडमध्ये आता चार गोष्टी भिंतीवर रंगवून घेतल्यात. ड्रायव्हरला विचार. लिहून मग पूस. एका वेळी एकच बदल. जे तपासलं नाही ते बोलू नको.

त्यातली चौथी ओळ माझ्या मुलासाठी नाही, माझ्यासाठी आहे. गिऱ्हाईक घाई करतं, आपण गाडीखाली असतो, हात तेलकट असतात आणि तोंडात एक तयार उत्तर असतं. अशा वेळी "अजून बघितलं नाही, बघून सांगतो" एवढं म्हणायला शिका. त्यानं आपली किंमत कमी होत नाही. ती रिंग अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. नव्या मुलाला कामाला ठेवलं की पहिल्या दिवशी ती त्याच्या हातात देतो आणि ही गोष्ट सांगतो, आज तुम्हाला सांगितली तशीच.

आता प्रश्न विचारा. उत्तर माहीत असेल तर देतो, नसेल तर उद्या गाडी घेऊन या, दोघं मिळून बघू.